खाचेचा रकाना

ब्रिस्बेनच्या उत्तरेला समुद्रकाठी असलेल्या आमच्या वुनारा गावात नेरिडा युरगेन्सनला सगळे ओळखतात ते उसाच्या वजनकाट्यामुळे. कारखान्याच्या फाटकाशी पत्र्याची एक खोली आहे, तिथे ती एकतीस वर्षं बसली. उसाचे डबे अरुंद रुळांवरून खडखडत आले की नुसत्या आवाजावरून ती सांगायची, हा अर्धाच भरलाय, त्याच्या तळाशी माती आहे. शेतकरी तावातावाने भांडायला यायचे आणि चहा पिऊन परत जायचे. मी त्याच कारखान्याच्या प्रयोगशाळेत रसाची गोडी मोजायला लागलो, आणि कुणाला नाही म्हणता येत नाही या एका दोषापायी हळूहळू सगळ्या गावाच्या कॉम्प्युटरांचा वैद्य झालो. काट्यावरून निवृत्त झाल्यावर तिने मला कासवांच्या कामात ओढलं तेव्हाही मी नाही म्हणालो नाही. तिने विचारलंही नव्हतं.

दर उन्हाळ्यात, म्हणजे इथे नोव्हेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत, मोठी कासवं आमच्या किनाऱ्यावर अंडी घालायला येतात. पंधरावीस स्वयंसेवक रात्रभर वाळूत फिरतात. कासवाच्या पुढच्या पायाला नंबराचा बिल्ला असतो, नसेल तर बसवायचा. लांबी, अंडी, जखमा, सगळं एका कार्डावर लिहायचं. सकाळी कार्डं पेटीत, पेटी ब्रिस्बेनला, तिथे कुणीतरी ती टाइप करणार. गुडघे गेल्यापासून नेरिडा रात्री किनाऱ्यावर जात नसे. ती दिवसा कासवांच्या मोहिमेच्या शेडमध्ये बसून, टाइप झालेले नंबर वेबसाइटवर एकेक करून तपासायची. वजनकाट्याची सवय, एक आकडा इकडचा तिकडे झालेला तिला चालायचा नाही.

ती वेबसाइट मीच केलेली. तीन वर्षांपूर्वी ते काम माझ्याकडे आलं तेव्हा डेटाबेसमध्ये त्रेचाळीस रकाने होते. वाऱ्याची दिशा, वाळूचं तापमान, चंद्र, भरती, कवचाची लांबी, कवचाची रुंदी, कोणी पाहिलं, कोणी लिहिलं. मला पसारा सोसत नाही. माझ्या हत्यारांच्या पेटीतले पाने आकाराप्रमाणे लावलेले असतात, आणि बायको म्हणते की हा एक दिवस मलाही घडी घालून कपाटात ठेवील. मी त्रेचाळीसातले नऊ रकाने पडद्यावर ठेवले आणि चौतीस दडवले. फोटोंचा दडवला, कारण त्याने पान उघडायला युग लागायचं. जखमांचा दडवला, कारण त्यात लोक निबंध लिहायचे. आणि 'खाच' नावाचा एक होता, तो दडवला कारण त्यात काही नव्हतंच. एकवीस हजार ओळी आणि एकही नोंद नाही. सगळ्यांनी माझं कौतुक केलं, पान किती सुटसुटीत झालं म्हणून, आणि मी ते मिरवलंही.

यंदा जानेवारीत आयव्हर पेंटलँडचं पत्र आलं. आयव्हर हा ब्रिस्बेनचा कासवांचा डॉक्टर, या सगळ्या मोहिमेचा प्रमुख. भला माणूस, पण झाडू हातात घेतला की माझ्याच जातीचा. फेब्रुवारीअखेर सगळी माहिती नव्या यंत्रावर जाणार होती. जाताना रिकामे रकाने कायमचे काढून टाकायचे, आणि कोणते ते सदाने, म्हणजे मी, सांगावं, असं त्याने लिहिलं होतं. मी दहा मिनिटांत अकरा नावांची यादी केली, खाच सगळ्यात वर. यादी शेडच्या फळ्यावर लावली आणि घरी जेवायला गेलो.

परत आलो तर नेरिडा फळ्यापाशी उभी. चहा झाला का विचारलं, तर हो म्हणाली. पंखा जास्त आवाज करतो म्हणाली. यंदा आंबे लवकर पडतायत म्हणाली. ही बाई हवापाण्याच्या गप्पा मारणारी नव्हे, म्हणून मी म्हटलं की ताकाला जाऊन भांडं लपवू नकोस, काय ते बोल. ती खुर्चीत बसली, आणि यादीतलं पहिलं नाव काढता येईल का असं तिने विचारलं. मी म्हटलं, त्यात आहे काय? त्यावर तिने जे सांगितलं ते तिच्या तोंडून मी पूर्वी कधी ऐकलेलं नव्हतं. दुसऱ्या कुणी ऐकलेलं असेल असंही मला वाटत नाही.

पंचाहत्तर साली ती तेवीस वर्षांची होती. त्या काळी एक गोष्ट कुणालाच माहीत नव्हती. इथे जन्मलेलं पिल्लू मोठं झाल्यावर इथेच परत येतं का? पिल्लू बिस्किटाएवढं, त्याला बिल्ला लावणार कुठे? म्हणून कवचाच्या कडेच्या खवल्यांपैकी एकाला खाच पाडायची असं ठरलं. पहिल्या उन्हाळ्यात शेपटीकडून तिसरा डावा खवला, दुसऱ्या उन्हाळ्यात चौथा डावा, तिसऱ्या उन्हाळ्यात तिसरा उजवा. कासव परत आलं की खाच कुठे आहे त्यावरून त्याचं जन्मवर्ष कळणार. खाच पाडायचं काम नेरिडाकडे होतं. नखं कापायची कात्री, तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा. तीन उन्हाळ्यांत अकरा हजार सहाशे चाळीस पिल्लं. तिने मोजली होती, ती दुसरं काय करणार.

कापलं की रक्ताचा एक थेंब यायचा, कधी दोन. मग पिल्लं वाळूवर सोडायची आणि ती धडपडत पाण्यात जायची. तिचा नवरा लेस कोळंबीच्या होडीवर होता. एका सकाळी चहा पिताना तो म्हणाला होता, "रक्ताचा वास म्हणजे माशांना जेवणाची घंटा गं. तू तर पानंच वाढून ठेवलीस." तो हसला आणि विसरला. नेरिडा विसरली नाही. पंधरा वर्षांनी पिल्लं परत येतील असा तेव्हाचा अंदाज होता. पंधरा वर्षं झाली, एकही आलं नाही. मग म्हणाले वीस, मग पंचवीस. मग विचारायचंच सोडून दिलं. कार्डावरची खाचेची चौकट तळाशी बारीक अक्षरांत गेली, आणि ती कशासाठी आहे हे नव्या पोरांना कुणी सांगेना. लेसला जाऊन चार वर्षं झाली होती. त्या एका वाक्याने आपण तीस वर्षं किती वेळा जागे झालो, हे तिने त्यालाही कधी सांगितलं नाही.

"अकरा हजार पोरं, सदा," ती म्हणाली. "या हातांनी. ती मी मारली की नाही हे मला कळलेलं नाही. आणि तो रकाना काढलास की ती आली का असं विचारणारंसुद्धा कुणी उरणार नाही."

मला सांत्वन जमत नाही. बटणं जमतात. मी तिची खुर्ची पडद्यासमोर ओढली आणि म्हटलं, फेब्रुवारीअखेरपर्यंत रकाना जागेवरच आहे, तुला तो रोज बघायचा असेल तर बघ. वर कोपऱ्यात एक छोटं बटण आहे. ते दाबलं की डाव्या हाताला दडलेले रकाने, उजव्या हाताला दिसणारे. हवा त्याच्यापुढच्या चौकोनात टिक करायची, बोटाने वरखाली सरकवायचा, आपल्या नावाने साठवायचं. दुसऱ्या कुणाच्या पडद्याला धक्का लागत नाही.

ती माझ्याकडे वळली. "म्हणजे हे सगळं आतच होतं? तीन वर्षं?"

"आतच होतं."

"मला वाटायचं, काय बघायचं ते तूच ठरवतोस."

"मीच ठरवतो," मी म्हटलं. "कुणी विचारेपर्यंत."

डाव्या बाजूची चौतीस नावं तिने मोठ्याने वाचली, शाळेत हजेरी घेतात तशी. मी पलीकडे घड्याळ बघत होतो. पण विसाव्या नावापाशी कुठेतरी माझी चुळबुळ थांबली. वाळूचं तापमान, एक वीत खोल. घरट्यापासून पाण्यापर्यंत पावलं. अंडी घालताना डोळ्यांतून पाणी, होय किंवा नाही. माझ्या लेखी हा पसारा होता. पण प्रत्येक नावामागे कुणीतरी अंधारात ओल्या वाळूवर गुडघे टेकून बसलं होतं, एखाद्या कासवाजवळ, आणि त्याला वाटलं होतं की हे लिहून ठेवायला हवं. मी ते सगळं एका दुपारी चहा पिता पिता दडवून टाकलं होतं. त्या दुपारी मला पहिल्यांदा माझीच लाज वाटली.

तिने 'खाच'पुढे टिक केली. पडद्यावर रकाना उमटला, वरपासून खालपर्यंत कोरा. ती बराच वेळ तो खाली खाली सरकवत राहिली, एकवीस हजार ओळी. मग चष्मा काढून पुसला, साठवायचं बटण दाबलं आणि घरी गेली. मला वाटलं, संपलं. बिचारीने डोळ्यांनी बघून घेतलं.

चार दिवसांनी, कारखान्यात स्मोकोची, म्हणजे चहाच्या सुटीची, शिट्टी होऊन आम्ही कप हातात घेतले होते, तेव्हा तिचा फोन आला. ती हळू आवाजात म्हणाली की जमेल तेव्हा शेडवर ये. नेरिडा 'जमेल तेव्हा' असं कधी म्हणत नाही. मी कप तसाच ठेवून निघालो.

पडद्यावर तिचा स्वतःचा मांडलेला तक्ता होता. माझ्या नऊ रकान्यांतले सहा तिने काढून टाकले होते. नंबर, तारीख आणि कोणी लिहिलं, एवढे ठेवले होते. त्यांच्यापुढे कोरी 'खाच', आणि खाचेला अगदी चिकटून 'जखम'. मी विचारलं, जखमा कशाला? ती म्हणाली, वजनकाट्यावर डबा हरवला की तो कधी हरवलेला नसायचा, दुसऱ्याच कुणाच्या तरी नावावर चढलेला असायचा. खाच बघणाऱ्याला खाच म्हणजे काय तेच माहीत नसेल, तर तो ती कुठे लिहील? म्हणून तिने शेवटच्या तीन उन्हाळ्यांच्या जखमा वाचायला घेतल्या होत्या. पडद्यावर लाकडी पट्टी धरून, एकेक ओळ. एकोणीसशे ओळी, चार दिवस.

आमच्या किनाऱ्यावर कासवाचं काहीही तुटलेलं दिसलं की लोक शार्कचं नाव घेतात. भिंतीचा पोपडा पडला तरी शार्कवर ढकलतील अशी इथली माणसं. जखमांचा रकाना नुसता शार्कने भरलेला होता. त्यातल्या सात ओळी नेरिडाने कागदावर उतरवल्या होत्या. सात वेगळी कासवं, सहा वेगळी माणसं लिहिणारी, तीन वेगळे उन्हाळे. 'डाव्या कडेचा तिसरा खवला तुटका, जुनं, शार्क असेल.' 'मागची डावी कड, तिसरा, जखम भरलेली, शार्क?' 'चौथा डावा खवला अर्धा नाही, जुना शार्क.' असं सात वेळा.

तिने कागद माझ्यापुढे सरकवला. "शार्कला तिसऱ्या-चौथ्याच खवल्याची आवड असते का रे?"

मी खुर्ची ओढली आणि डाव्या बाजूच्या यादीत फोटोंचा रकाना शोधला. तीन वर्षांपूर्वी पान हळू होतं म्हणून मी दडवलेला. टिक केली. पान खरंच हळू झालं. शेडचं इंटरनेट म्हणजे गोगलगाय, एकेक फोटो वरून खाली पट्टीपट्टीने उतरायला लागला. आधी वाळू, मग टॉर्चच्या उजेडात कवचाची पाठ, मग कड. आम्ही दोघं पडद्याला नाक लावून बसलो होतो. सातांपैकी पाच कासवांचे फोटो होते. आणि पाचही फोटोंत तीच खाच. शार्कचा चावा ओबडधोबड असतो, त्याच्या दातांच्या रेघा राहतात. ही खाच सरळ होती, दोन बाजू समोरासमोर, कात्रीने कापल्यासारखी. कात्रीनेच कापलेली होती. तांदळाच्या दाण्याएवढी पाडलेली ती खाच कवचाबरोबर तीस वर्षं वाढत गेली होती.

मी देवभोळा नाही आणि पटकन हलणाराही नाही, पण त्या वेळी पत्र्याच्या शेडमध्ये, पंख्याच्या त्या खडखडाटात, मी पाचही फोटो पुन्हा पहिल्यापासून बघितले. अख्खा समुद्र पार करून, पार पेरू देशाच्या किनाऱ्यापर्यंत जाऊन, तीस वर्षं कुणाच्या पोटात न जाता ही सात जनावरं जन्मल्या वाळूवर परत आली होती. त्यांच्या कवचाच्या कडेला ही समोर बसलेली बाई स्वतःच्या हाताने त्यांचं जन्मवर्ष लिहून गेली होती. आणि ते कुणालाच वाचता आलं नव्हतं, कारण वाचायचे तीन रकाने मी तीन कोपऱ्यांत दडवून ठेवले होते. काखेत कळसा आणि गावाला वळसा, आणि तो कळसा गावाच्या काखेत मीच खुपसलेला.

मी अजून एक टिक केली, 'पूर्वी पाहिलं का'. सातही ओळींत एकच उत्तर आलं, पहिल्यांदाच. सातही जणी आयुष्यात पहिल्यांदा अंडी घालायला आल्या होत्या. म्हणजे मोठं व्हायलाच त्यांना तीस वर्षं लागली होती.

मी आयव्हरला फोन लावला आणि त्याला तोच तक्ता उघडायला सांगितलं. त्याने सातही ओळी वाचल्या. मग त्याने फोन नेरिडाला द्यायला सांगितलं. तो तिला काय म्हणाला ते मी शेजारून ऐकलं, कारण तो ओरडतच बोलत होता. हजार पिल्लांतून एखादंच मोठं होतं. माणसाने बोटही लावलं नाही तरी एखादंच. अकरा हजारांतून अकरा जगली तरी नशीब, आणि त्यातले निम्मे नर, ते तर जन्मात पुन्हा वाळूवर येत नाहीत. म्हणजे किनाऱ्यावर पाच-सहा दिसायला हव्या होत्या. तू सात दाखवल्यास. हिशोब असा होता की खाचेने कुणाचं काही बिघडलं नव्हतं. जेवढी जगायची तेवढीच जगली होती.

नेरिडाने फोन खाली ठेवला. हात मांडीवर ठेवून बसली. ती रडेल असं मला वाटलं आणि मी रुमाल शोधायला लागलो, पण ती रडली नाही. माझ्याकडे न बघता म्हणाली, "मी मारली नाहीत." आणि जरा थांबून, कारण ती नेरिडा होती आणि आकडा फुगवून सांगणं तिला जमत नाही, "माझ्यामुळे तरी मेली नाहीत."

संध्याकाळी मी फळ्यावरच्या, काढून टाकायच्या रकान्यांच्या यादीतून खाचेचं नाव खोडलं. मग साइट उघडून सगळ्या गावासाठी रकाने पुन्हा लावले. नंबर, त्याच्या शेजारी खाच, त्याच्या शेजारी जखम, मग फोटो. पान उघडायला आता चहा थंड होण्याइतका वेळ लागतो. दोन-चार जणांनी कुरकुर केली. मी त्यांना सांगितलं, थंड चहा प्या. सातही ओळींत खाच मात्र मी भरली नाही, ती नेरिडाने भरली. सात वेळा टाइप केलं आणि प्रत्येक वेळी कागदाशी ताडून बघितलं.

त्यानंतर दोन आठवड्यांनी पहाटे साडेपाचला किनाऱ्यावरून फोन आला. एक कासव उशिरा वर आलंय, उजाडलं तरी अजून वाळूत आहे, आणि डाव्या कडेला काहीतरी आहे. मी नेरिडाच्या दारात गाडी उभी केली तेव्हा ती झग्यावर कोट चढवून फाटकाशीच उभी होती, कुणीतरी तिला आधीच कळवलं होतं. वाळूच्या चढावर मी तिला हाताला धरून नेलं. रात्रभर जागलेली पोरं मागे सरकून उभी राहिली.

कासवाचं अंडी घालून झालं होतं. मागच्या पायांनी ते खड्ड्यावर वाळू ओढत होतं, एकेक फेक आणि मग लांब उसासा. पाठीवर शंखशिंपले चिकटलेले, एक डोळा सूर्याकडे. नेरिडा खाली बसली. तिचे गुडघे बघता मला ते पाहवेना, पण ती बसली. हात लांब करून तिने शेपटीकडून कडेचे खवले मोजले, एक, दोन, तीन, आणि तिसऱ्यात अंगठा ठेवला. तो बरोबर बसला.

"तेव्हा फार दुखलं का गं?" ती म्हणाली.

कासवाने तिच्या कोटावर पसाभर वाळू उडवली आणि वळून समुद्राकडे निघालं. पोरांनी वाट दिली. पाण्याच्या कडेला पोचायला त्याला अकरा मिनिटं लागली, आणि नेरिडा तेवढा वेळ वाळूत तशीच बसून होती, अंगठा मुठीत धरून. पहिली लाट त्याच्या पाठीवरून गेली, दुसरी गेली, आणि मग नुसतं पाणी राहिलं. कुणीतरी माझ्या हातात कार्ड दिलं. तळाच्या बारीक चौकटीत मी लिहिलं, आहे, तिसरा डावा. चौकटीत अक्षर इतकं दाटलं की ते कुणाला लागलं नसतं. नेरिडाने पेन मागून घेतलं आणि त्यावरून ठळक गिरवलं.